अवऱ्यांच्या दिवसांत बसवलेलं कार्ड

काल सकाळी आमच्या गोकुलम वस्तीच्या कोपऱ्यावर अवऱ्यांची पहिली गाडी लागली. गाडी दिसायच्या आधी वास आला. ज्यांनी तो घेतलेला नाही त्यांना तो सांगणं कठीण आहे. हिरवा, तेलकट, जरासा उग्र, शेंगेला हात लावला की बोटांना चिकटणारा आणि साबणालाही दाद न देणारा. इथली माणसं शेंगा घेण्याआधी मूठभर उचलून नाकाशी नेतात. वास नसेल तर गाडी कितीही भरलेली असो, पुढे चालू पडतात. अवरे म्हणजे खरं तर आपल्या पावट्यांचेच भाऊबंद, पण म्हैसुरात त्यांचा थाट वेगळा. थंडी पडली, सकाळी चामुंडीचा डोंगर धुक्यात गडप झाला, की घरोघरी उपम्यात अवरे, भातात अवरे, सारात अवरे. मीही आता इथल्यासारखीच मूठ नाकाशी नेते. काल नेली आणि मला वायरलेस कार्ड आठवलं.

यावर कुणीही हसेल. हसा बापडे. वासाला आठवणींची निवड करता येत नाही. कुणाला मोगऱ्यानं लग्न आठवतं, कुणाला डेटॉलनं दवाखाना. मला अवऱ्यांच्या वासानं लॅपटॉपच्या पोटातली एक हिरवी पट्टी आठवते, आणि तिच्यावर वाकलेले अप्पा.

अप्पा म्हणजे माझे वडील. वाईला शाळेत भूगोल शिकवायचे. आई गेल्यावर तिथेच एकटे राहिले, आणि एका सकाळी फरसबंदी अंगणात पाय घसरून पडले. बराच वेळ कुणाला कळलंच नाही. कंबर सुधारली तशी मी त्यांना इथे घेऊन आले. आम्ही नवराबायको नोकरीपायी पुण्याहून म्हैसूरला आलेलो, घर भाड्याचं, तळमजल्याचं. वर मालकीणबाई राहतात, यमुनाक्का. त्यांचे पूर्वज कधीकाळी इथल्या राजाच्या फौजेत शिपाई म्हणून आले ते इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण ती मराठी चालता चालता कन्नडच्या घरात शिरते, पाणी पिते आणि परत येते.

अप्पांनी वाईहून कपडे कमी आणि लॅपटॉप जास्त सांभाळून आणला होता. काळा, जाडजूड, झाकणाचा कोपरा उडालेला. मांडीवर घेतला की मांडी गरम व्हायची. माझ्या नवऱ्यानं पहिल्याच दिवशी नवा घेऊन देतो म्हटलं. अप्पा म्हणाले, माझीही कंबर जुनीच आहे, मला कुठं बदललंत? त्या लॅपटॉपवर त्यांनी मुक्त स्रोताची प्रणाली घातली होती. म्हणजे जिचं पोट कुणीही उघडून बघावं, बिघडलं तर दुरुस्त करावं आणि शेजाऱ्याला वाटावं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही, अशी. निवृत्तीनंतर वाईच्या वाचनालयात कुणी तरी त्यांना ती दाखवली आणि हा माणूस भारावून गेला. जगात इतकी माणसं फुकट, न सांगता, एकमेकांचं तोंडही न बघता एवढं काम करतात, हे त्यांना खरंच वाटत नव्हतं. मग खरं वाटलं तेव्हा तेही त्यात गेले.

त्यांचं काम असं की त्या प्रणालीत पडद्यावर जी वाक्यं येतात ती मराठीत आणायची. लातूरचा एक जण, नागपूरच्या एक बाई, अशी थोडी माणसं होती. कुणी कुणाला भेटलेलं नाही. दुपारचा चहा झाला की अप्पा बसायचे. इंग्रजी ओळी यायच्या, यांच्या मराठी ओळी जायच्या. ओळ कुठल्या खिडकीत, कुठल्या प्रसंगी दिसणार हे पुष्कळदा कळायचंही नाही. त्यावरून त्यांच्यात वाद होत. वाईला असताना असाच एका ओळीवर मोठा वाद झाला होता. वायरलेस कार्ड सापडलं नाही तर यायची ती ओळ. बाकीच्यांनी दोन शब्दांत उरकली होती. अप्पांनी लिहिलं, ‘वायरलेस कार्ड सापडत नाही. कार्ड नीट बसले आहे ना, हे कृपया एकदा पाहावे.’ लांबलचक आहे, एवढी विनवणी कशाला, असं इतरांचं म्हणणं. अप्पा हटले नाहीत. ज्याचं काही बंद पडलंय त्याच्याशी तरी नीट बोलावं, असं त्यांनी कळवलं, आणि शेवटी त्यांचीच ओळ राहिली. हे सगळं मला ते जेवताना सांगायचे आणि मी हं हं म्हणत पोळी वाढायचे.

इथे आल्यावरच्या पहिल्याच थंडीत त्यांचं कार्ड आजारी पडलं. आमचं नेट यमुनाक्कांकडून यायचं, डबी वरच्या मजल्यावर. आधी अप्पांच्या खोलीत ते मिळेनासं झालं, मग जिन्याशी बसलं तरच मिळायला लागलं, आणि एका दुपारी पार नाहीसं झालं. खोलीतून त्यांची हाक आली. मला वाटलं पडले की काय. धावत गेले तर हे खुर्चीत बसून पडद्याकडे बोट दाखवताहेत, चेहरा शाळेचा निकाल लागल्यासारखा. पडद्यावर त्यांचीच ओळ होती. कार्ड नीट बसले आहे ना, हे कृपया एकदा पाहावे. इतक्या वर्षांत त्यांनी ती प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती, कारण कार्ड कधी गेलंच नव्हतं. आपलंच वाक्य आपल्याला वाईट बातमी द्यायला आलंय आणि हे गृहस्थ त्याच्या चालण्याबोलण्यावर खूश. मला हसू आलं. त्यांनी मात्र ओळीच्या सांगण्याप्रमाणे यंत्र उघडून कार्ड पाहिलं. ते नीटच बसलं होतं. मेलं होतं.

पुढचे दिवस चांगले नव्हते. जिन्यावरून वायर खाली आणू म्हणावं तर त्यांच्या पायात ती अडकेल या भीतीनं मीच नको म्हटलं. नवऱ्यानं बाहेरून खोचायचं एक बोटभर डोंगल आणलं, तर त्याच्यासोबतची आज्ञावली बंद कुलपाची, आतलं काही दिसू न देणारी. अप्पांनी ते परत खोक्यात घातलं. आमचे लॅपटॉप ऑफिसचे, त्यांना ते हातही लावायचे नाहीत. मग नवं कार्ड मागवलं. चांगलं, भारी. अप्पांनी मेलेलं कार्ड तारांसकट बाजूला सरकवून ते नुसतं खाचेत बसवलं आणि यंत्र चालू केलं तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि यंत्र तिथंच अडून बसलं. हे कार्ड मान्य नाही, काढून टाका. ही ओळ त्यांच्या प्रणालीची नव्हती. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी कारखान्यातच आत यादी घालून ठेवली होती, यादीतल्या कार्डांनाच आत घ्यायचं. इतकी वर्षं ते यंत्र वापरून अप्पांना हा पहारेकरी माहीतच नव्हता.

त्यांनी यंत्र बंद केलं. कार्ड काढलं, पुसलं, पुन्हा खोक्यात ठेवलं आणि मेलेलं परत आत बसवलं. संध्याकाळी जेवायला बसल्यावर शांतपणे म्हणाले, “संक्रांत झाली की वाईला जातो.”

मी विचारलं, तिथं कोण आहे. तर म्हणाले, “कुणी नाही. पण इथं तरी दिवसभर मी कुणाचा कोण? भाषा येत नाही, रस्ते ओळखीचे नाहीत. दुपारी चार माणसं माझी वाट बघायची, तेवढं होतं.”

 वाईच्या घराच्या उंच पायऱ्या, ते ओलं अंगण, फोन उचलला नाही की जाणारा माझा जीव, हे सगळं मी मनातल्या मनात मोजत राहिले. त्यांनी शेजाऱ्यांना फोन करून घर झाडून ठेवायलाही सांगितलं. एका नखाएवढ्या वस्तूवर माझे वडील माझ्याजवळ राहणार की नाही हे येऊन ठेपलं होतं, आणि ऑफिसात हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्या यादीतलंच एखादं कार्ड मिळालं तर, हा विचार अप्पांच्याच डोक्यात आला. यादी नवऱ्यानं नेटवर शोधून छापून आणली, पण तिच्यातली कार्डं नवी कुठं मिळत नव्हती. मग एका शनिवारी आम्ही लष्कर मोहल्ल्यात गेलो. तिथल्या गल्लीत एका बाजूला गाद्या भरतात, एका बाजूला मिक्सर दुरुस्त करतात, आणि मध्येच एक दुकान मोडलेल्या लॅपटॉपचं. मालक हिंदी बोलणारा होता. त्यानं अप्पांपुढे कार्डांनी भरलेला बिस्किटांचा डबा सरकवला आणि आपल्या गिऱ्हाइकाकडे वळला. भिंग घेऊन अप्पा एकेक कार्ड उजेडात धरून त्यावरचा बारीक आकडा वाचत बसले. मी उभी राहून कंटाळले, चहा पिऊन आले, तरी ते वाचतच होते. शेवटी एक मिळालं. त्याच कंपनीच्या पुढच्या सालच्या कुठल्या तरी मोडक्या यंत्रातलं, यादीतलं, आणि आधीच्यापेक्षा वरच्या प्रतीचं. अप्पांनी ते रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि रिक्षात सारखा खिसा चाचपत राहिले.

घरी पोचलो तर यमुनाक्का जिन्यात उभ्या. अप्पांना त्या मेष्ट्रे म्हणायच्या. इकडे शिक्षकांना असंच म्हणतात. “मेष्ट्रे, सुम्ने, उगीच खोलीत बसून काय करता? वर या की. अवरे भिजलेत, सोलायला हात पायजेत.”

हे अवरे सोलणं म्हणजे इथल्या थंडीतलं मोठं प्रकरण. शेंगांतले दाणे काढून भिजत घालायचे, मग एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून असा दाबायचा की आतली डाळ टुणकन बाहेर यावी आणि साल हातात राहावं. जोर कमी पडला तर काही होत नाही, जास्त झाला तर डाळीचा चेंदा. त्या सोललेल्या डाळीचं सार काय लागतं ते विचारू नका. पण काम एकट्याचं नाही. सगळ्यांनी गोल बसायचं, हात चालवायचे आणि तोंडंही. आमच्याकडे आई वालाच्या डाळिंब्या सोलायची तेव्हा अप्पा पेपर वाचायचे. इथे ते मुकाट्यानं वर आले, कारण वरच्या गच्चीत ऊन होतं आणि त्यांना कार्ड बसवायला उजेड हवा होता. लॅपटॉपही सोबत आणला. एका वर्तमानपत्रावर अवरे, शेजारच्या वर्तमानपत्रावर लॅपटॉप उताणा. यमुनाक्कांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा अप्पांकडे पाहिलं आणि पातेलं जरा आपल्याकडे ओढून घेतलं.

अप्पांनी बॅटरी काढली, स्क्रू काढले, तळाचं झाकण उचललं. मी पहिल्यांदाच यंत्राच्या आत बघत होते. मेलेल्या कार्डाच्या डोक्यावर दोन केसासारख्या तारा बसवलेल्या होत्या, एक काळी, एक पांढरी. त्या कुठे जातात म्हणून मी विचारलं. अप्पांनी बोटानं वाट दाखवली. कडेकडेनं, बिजागरीच्या पोटातून, वर झाकणात, आणि पडद्याच्या चौकटीभोवती. “कान वर आहेत,” ते म्हणाले. “आपण पडद्याकडे बघत असतो तेव्हा पडद्याच्या कडेनं हे ऐकत असतं.”

मी त्या तारांकडे बघत राहिले. रोज ज्या चौकटीत डोळे घालून बसते ती चौकट ऐकत असते, हे मला कधी कळलंच नव्हतं. आणि काय ऐकत असते? या गच्चीतल्या उन्हातून, यमुनाक्कांच्या पातेल्यातून, माझ्या अंगातून आत्ता या घडीला कोण जाणे कुणाकुणाचं बोलणं आरपार चाललं होतं. कुणाला धक्का नाही, आवाज नाही. माझ्या अंगावर काटा आला. भर उन्हात, अवरे सोलताना आला, हे मुद्दाम सांगते.

कार्ड खाचेत बसलं. आता त्या दोन तारा त्याच्या डोक्यावर बसवायच्या. तारेच्या टोकाला मोहरीएवढी पितळी टोपी, आणि कार्डावर तेवढंच बोंड. टोपी बोंडावर बरोब्बर ठेवून दाबायची. अप्पांची बोटं थरथरायला लागली. टोपी सरकायची, ते पुन्हा धरायचे, पुन्हा सरकायची. मी पुढे झाले तर नको म्हणाले.  मला ते बघवेना. हे जमलं नाही तर ते कुणाचंच ऐकणार नाहीत आणि सरळ बॅग भरतील, हे मला त्यांच्या मानेवरूनच कळत होतं.

यमुनाक्कांचे हात चालूच होते. वर न बघता त्या म्हणाल्या, “मेल्लगे, मेष्ट्रे. हळू. आधी अवरे सोला स्वल्प. बोटांना आठवण हुते.”

अप्पांनी तार सोडली आणि मूठभर दाणे घेतले. पहिल्या चारपाचांचा चेंदा झाला. यमुनाक्कांनी चेंदा वेगळ्या वाटीत टाकला. मग एक दाणा नीट सुटला. मग आणखी एक. हळूहळू थरथर कमी झाली असं नाही, पण बोटं थरथरण्याच्या मधली जागा शोधायला लागली. बराच वेळ ते सोलत होते. अप्पांनी पंचांगापासून आपल्या शाळेतल्या नकाशांपर्यंत काय काय सांगितलं आणि यमुनाक्कांना त्यातलं किती कळलं कोण जाणे, त्या आपल्या हौदु हौदु, हो हो, म्हणत राहिल्या. आणि मग मध्येच, गोष्ट न थांबवता, अप्पांनी लुंगीला बोटं पुसली, काळी तार उचलली, अंगठा टेकवला. टिक्‌ असा आवाज झाला. पांढरी उचलली. पुन्हा टिक्‌.

कार्ड धरून ठेवायला एक स्क्रू असतो, तिळाएवढा. तो नव्हता.

वर्तमानपत्रावर नव्हता, लॅपटॉपच्या पोटात नव्हता. म्हणजे तो अवऱ्यांत होता. डाळीत असता तर कुणाच्या तरी दाताखाली आला असता, ते एक वेळ चाललं असतं. पण सालं रोज दुपारी फाटकाशी येणाऱ्या गायीला जायची, आणि यमुनाक्कांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. स्क्रू नको, यंत्र नको, काही नको, गायीच्या पोटात लोखंड जाता कामा नये. आम्ही तिघांनी मिळून सालांचा ढीग चाळायला घेतला. ओली, निसरडी, अवऱ्यांच्या त्या उग्र वासानं घमघमणारी सालं, एकेक. ते बघायला हवं होतं. भूगोलाचे निवृत्त शिक्षक, घरमालकीण आणि मी, तिघंही सालांत नाक खुपसून. शेवटी यमुनाक्कांनी बोटाच्या टोकावर काही तरी उचललं आणि अप्पांपुढे धरलं. “मेष्ट्रे, हा दाणा सोलायचा राहिला बघा.”

यंत्र चालू केलं. काळ्या पडद्यावर मी ती इंग्रजी ओळ शोधत होते. ती आली नाही. पहारेकऱ्यानं आत सोडलं. अप्पांनी दुसरं काही केलं नाही, कुठलीही चकती घातली नाही, काही मागवलं नाही, आणि तरी ते कार्ड जागं झालं. प्रणालीला ते ओळखीचं होतं. कुठल्या तरी गावातल्या कुणी तरी, कधी तरी, नेमकं हेच कार्ड समोर ठेवून त्याच्याशी कसं बोलायचं ते लिहून ठेवलं होतं आणि सगळ्यांना देऊन टाकलं होतं. ते कार्ड पुढे लष्कर मोहल्ल्यातल्या बिस्किटांच्या डब्यात जाईल आणि तिथून म्हैसूरच्या एका गच्चीत येईल, हे त्याला काय माहीत. मी असली माया आईबापांखेरीज कुठे पाहिली नव्हती. अप्पांकडे बघून मला एकदम कळलं की हे रोज दुपारी काय करत होते.

पडद्यावर नावं यायला लागली. एकामागून एक. योगशाळेचं नेट, समोरच्या दंतवैद्याचं, कुठल्या तरी परदेशी विद्यार्थिनीनं आपल्या मांजराच्या नावानं ठेवलेलं, आणि सगळ्यांत ठळक, यमुनाक्कांच्या नातवानं नाव दिलेलं, अज्जी मने. आजीचं घर. सगळी आमच्या भोवतीच होती, आत्तापर्यंत दिसत नव्हती एवढंच. अप्पांनी अज्जी मनेवर बोट ठेवलं. वर कोपऱ्यात ओळ आली, ‘जोडणी झाली.’ ही पण तुमची का, मी विचारलं. नाही, नागपूरच्या बाईंची, ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले.

राहतो असं ते कधी म्हणाले नाहीत. त्यांच्या स्वभावात ते नव्हतं. हात पुसत त्यांनी यमुनाक्कांना विचारलं, “पुढच्या वर्षी हे अवरे कधी सुरू होतात?”

“कार्तिक सरला की,” त्या म्हणाल्या. “का, मेष्ट्रे?”

“नाही, तोवर हात सुधारायला हवा.”

त्यानंतर वाईचं घर बंदच राहिलं. अप्पांनी इथल्या पुष्कळ थंड्या पाहिल्या आणि शेवटी शेवटी चेंदा न करता पातेलंभर डाळ सोलायचे. मेष्ट्रे खालीच आहेत ना, असं विचारत यमुनाक्का हाक मारायच्या. ते गेले तेव्हा थंडी नव्हती, श्रावण चालू होता. लॅपटॉप मी ठेवला. वापरते म्हणण्यापेक्षा रविवारी उघडते, दोन ओळी वाचते, मिटते. मला त्यातलं फार काही येत नाही.

काल अवरे आणले, भिजत घातले. आज दुपारी ते वर घेऊन जायच्या आधी लॅपटॉप उघडला. या वेळी नावं आली नाहीत. थोडा वेळ पडदा नुसताच होता, आणि मग ती ओळ आली. वायरलेस कार्ड सापडत नाही. कार्ड नीट बसले आहे ना, हे कृपया एकदा पाहावे.

 किती तरी ठिकाणी, किती तरी अनोळखी माणसांना, काही बंद पडलं की माझे वडील अजून हे विचारत असतील. विचारणारं कोण, हे त्या माणसांना माहीत नसेल. मला माहीत होतं.

लॅपटॉप उचलून मी वर गेले. यमुनाक्कांनी अवऱ्यांचं पातेलं घेतलं आणि न विचारता दुसरं वर्तमानपत्र अंथरलं. मी झाकण उघडलं. स्क्रू ढिला होऊन कार्ड खाचेतून जरासं वर आलं होतं, आणि काळ्या तारेची टोपी बोंडावरून सुटली होती. कार्ड दाबून स्क्रू घट्ट केला. टोपीला हात लावायच्या आधी मूठभर अवरे सोलले. मग अंगठा टेकवला. टिक्‌.

जोडणी झाली, असं पडद्यावर आलं. मी म्हटलं, “पाहिलं, अप्पा.”